शुक्रवारची हजेरी

टाचणीबाईचं खरं नाव काय, असं गल्लीत विचारलं तर निम्म्या बायका एकमेकींकडे बघत बसतील. गेली अठरा वर्षं ती सगळ्यांची टाचणीबाईच आहे. कपडा अंगावर बसवून बघताना तिच्या ओठांत सात-आठ टाचण्या धरलेल्या असतात, आणि तोंडात टाचण्या असल्या की माणूस बोलत नाही, नुसतं ऐकतं. पडद्याआड उभ्या राहिलेल्या बायकांना मात्र भलताच कंठ फुटतो. सासूचं, नवऱ्याचं, वाढत्या वजनाचं, काय वाटेल ते निघतं. टाचणीबाई फक्त "हं" म्हणते. अठरा वर्षांत एकीचं दुसरीच्या कानावर तिच्याकडून गेलेलं नाही. शिवणात तिच्यापेक्षा सरस बाया त्याच रस्त्यावर दोन आहेत, हे ती स्वतःच कबूल करते. पण गर्दी असते ती तिच्याकडेच.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी मशीन, मशीनला लागून कापायचं लांब टेबल, समोरच्या कोपऱ्यात दांडीवर पडदा आणि पडद्याआड माणसाच्या उंचीचा आरसा. खिडकीच्या खालच्या काचांना कागद चिकटवलेला, म्हणजे उजेड आत यावा आणि रस्त्यावरच्यांच्या नजरा बाहेर राहाव्यात. विजेचा चालणारा बोर्ड खोलीत एकच, तोही टेबलाच्या कडेला. दुसरा बोर्ड नवरा पुढच्या खेपेला आला की दुरुस्त करणार होता. नवरा लांबच्या ट्रकवर असतो आणि पुढची खेप चार वर्षं झाली पुढेच आहे.

तिच्या गिऱ्हाइकांत एक कॅशियरबाई होती. चौकातल्या बँकेत काचेमागे बसायची, साऱ्या वस्तीच्या ओळखीची. कडक, नीटनेटकी, पन्नाशीच्या घरातली. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती आली, दाराला कडी घातलीस का असं दोनदा विचारलं आणि मग ब्लाउजची बटणं काढून मान भिंतीकडे फिरवून उभी राहिली. डाव्या बाजूला छाती नव्हती. आडवा, आक्रसलेला व्रण होता. दूरच्या शहरात शस्त्रक्रिया झाली होती, बँकेत तिने गुडघ्याचं निमित्त सांगितलं होतं, सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नव्हतं. तयार मिळतं ते टोचतं, घसरतं, आणि काउंटरवर वाकलं की कळतं, असं ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली.

टाचणीबाईने त्यावर महिनाभर डोकं चालवलं. ब्लाउजच्या अस्तरात आतून खिसा, खिशात कापसाची गादी, आणि गादीला वजन यावं म्हणून कापसाच्या पोटात काचेचे बारीक मणी. पहिल्या तीन गाद्या फसल्या, चौथी बसली. तेव्हापासून कॅशियरबाईचे सगळे कपडे हिच्याकडे. ती यायची शुक्रवारी, सव्वाचारला. त्या दिवशी तिची सकाळची पाळी असे आणि टाचणीबाईची लेक बबडी शाळेतच धावण्याच्या सरावाला थांबलेली असे. घरात तिसरं माणूस नाही, अशी ती वेळ. आणि एक गोष्ट टाचणीबाईने कधी बोलून दाखवली नव्हती. माप घेताना कॅशियरबाई डोळे मिटून घ्यायची. पाठ आरशाकडे आणि डोळे गच्च बंद, शेवटचं बटण लागेपर्यंत.

या सगळ्यात लॅपटॉप आला.

शाळेने ठरवलं की आठवीच्या प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप द्यायचा. एका मुलामागे एक, वाटून घ्यायची भानगड नाही. बबडी तो छातीशी धरून घरी आली ती जणू तान्हं मूल घेऊन आली. त्यासोबत नियमांचा एक कागद होता. शाळेला नियम काढायची फार हौस, बारा नियम आणि प्रत्येकाच्या शेवटी "सक्तीचे आहे". टाचणीबाईने तो कागद कपड्याच्या मापासारखा वाचला, एक बोटही इकडेतिकडे नको म्हणून, आणि मशीनच्या वर भिंतीला लावला. पाचवा नियम असा की रोज चार ते सहा ही अभ्यासवेळ, त्या वेळात लॅपटॉप उघडा पाहिजे. नववा असा की उपस्थितीची नोंद यंत्र आपोआप घेईल. नोंद म्हणजे हजेरीच्या वहीत बाई करतात तशी खूण, असं टाचणीबाई समजली. दुसरं काय समजणार?

अडचण होती शुक्रवारची. मैदानावर लॅपटॉप नेला तर पडायची धास्ती, आणि घरी बंद ठेवला तर गैरहजेरी लागणार. तीन गैरहजेऱ्या झाल्या की लॅपटॉप शाळेत जमा. मायलेकींनी मग आपापसात एक तोड काढली. शुक्रवारी लॅपटॉप घरी राहायचा आणि चारच्या ठोक्याला टाचणीबाई झाकण उघडायची. उघडायचा शब्द बबडीने शिलाईच्या खडूने टेबलाच्या कडेला लिहून ठेवला होता. झाकण उघडं दिसलं की यंत्र खूश, समोर कोण बसलंय त्याची त्याला पंचाईत नव्हती. टाचणीबाईला जरा चोरट्यासारखं वाटायचं. पण पोर धावण्यात शाळेत पहिली होती आणि अभ्यास रात्री जेवणाआधी भरून काढत होती, तेव्हा कुणाचं काय बिघडलं, असं ती मनाला समजवायची.

तिसऱ्या शुक्रवारी कॅशियरबाई नव्या ब्लाउजच्या ट्रायलला आली. कच्चे टाके घातलेले होते. आभाळ भरून आल्याने कोपऱ्यात अंधार होता आणि मुंढ्याची शिवण दिसेना, म्हणून टाचणीबाईनेच पडदा सरकवला. दाराला कडी होती, खिडकीला कागद होता, घरात कुणी नव्हतं. टाचण्या ओठांत धरून ती वाकली असताना समोरच्या आरशात तिला एक हिरवा ठिपका दिसला. टेबलावरच्या लॅपटॉपच्या कपाळावर लागला आणि विझला. विजेचं काहीतरी असेल, म्हणून तिने काखेखालची टाचणी लावली.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी बबडी आणखी एक कागद घेऊन आली आणि उड्या मारत वाचायला लागली. शनिवारी पालकसभा. विषय, आपल्या मुलांचा घरचा अभ्यास. अभ्यासवेळेत लॅपटॉपने टिपलेली छायाचित्रे सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवली जातील.

मशीन चालू होतं ते थांबलं.

"कसली छायाचित्रं?" टाचणीबाईने विचारलं.

बबडीने सहज सांगितलं. दर दहा मिनिटांनी तो एक फोटो काढतो, हिरवा दिवा लागतो ना, तेव्हा. तिलाही हे आजच वर्गात कळलं होतं. सगळी मुलं हसत होती, कुणी नाकात बोट घातलं असेल, कुणी झोपलं असेल म्हणून. फोटो मुलांना उघडता येत नाहीत, ते थेट शाळेत जातात, संगणकाच्या सरांकडे. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि ती घाबरून म्हणाली, "आई, शुक्रवारचे फोटो बघितले तर त्यात मी नसणार गं."

टाचणीबाईला ते ऐकू आलंच नाही.  ती टेबलाला धरून खाली बसली. शुक्रवारी आरशात ठिपका दिसला तेव्हा कॅशियरबाई कशी उभी होती, हे ती आठवू लागली. हात वर. पाठ आरशाकडे. म्हणजे तोंड कुठे? तोंड टेबलाकडे. पडदा उघडा, आणि तो उघडला कुणी? झाकण उघडलं कुणी? अठरा वर्षं जिने तोंड उघडलं नाही, तिने एका दुपारी दोन्ही गोष्टी स्वतःच्या हातांनी उघडल्या होत्या.

रात्री तिने बबडीला जेवायला वाढलं, स्वतः नुसतं ताट चिवडलं. भिंतीएवढा पडदा, समोर शे-दीडशे आई-बाप, त्यातले निम्मे महिन्याला कॅशियरबाईच्या काचेसमोर उभे राहणारे. एवढंच चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी सकाळी शाळा भरायच्या आधीच ती फाटकाशी उभी होती. बबडीचा लॅपटॉप तिने पिशवीत घालून स्वतःबरोबर आणला होता. का आणला ते तिला सांगता आलं नसतं, पण तो घरात एकटा ठेवायचा धीर होत नव्हता. सभागृहाचं दार उघडं होतं. आत संगणकाचे सर शिडीवर चढून पडदा ताणत होते. पोरगेलासा, हसतमुख माणूस. तिला पाहून त्यांनी वरूनच विचारलं की कुणाच्या आई, आणि बबडीचं नाव ऐकल्यावर म्हणाले, "या ना उद्या नक्की. फार छान फोटो आलेत."

 छान म्हणजे काय? याने कुठले पाहिले? हसतो आहे तो नेहमीसारखा, की काही बघितलंय म्हणून? तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, पण कपड्याच्या आतली शिवण ओळखणाऱ्या बाईला त्या चेहऱ्यातलं काही ओळखता येईना. ती तशीच वळली आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची. त्यांनी आत बोलावलं, बसायला सांगितलं, तरी टाचणीबाई उभीच राहिली. इथे खरं सांगायचं म्हणजे बबडीची चोरी उघडी पडणार. नाही सांगायचं तर उद्या दुसरीची अब्रू चव्हाट्यावर येणार. वाटेत तिने शंभर थापा जुळवून पाहिल्या होत्या, एकही धड बसत नव्हती. मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. शुक्रवारी पोर धावायला जाते, झाकण मीच उघडते, हजेरी खोटी आहे, शिक्षा करायची ती करा. पण गेल्या शुक्रवारी माझ्याकडे एक गिऱ्हाईक कपडे बदलत होतं.

 मोठ्या बाईंनी सरांना हाक मारायला घंटीकडे हात नेला.

"सर नकोत," टाचणीबाई म्हणाली.  "बाई, तुम्ही बघा. पाया पडते. पुरुषमाणूस नको."

मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं आणि टेबलावरच्या शाळेच्या संगणकावर स्वतःच शोधायला बसल्या. त्यांना ते यंत्र फारसं येत नव्हतं. एकदा भलताच वर्ग उघडला, एकदा सगळंच बंद झालं. टाचणीबाई त्यांच्या खुर्चीमागे पदर तोंडाशी धरून उभी होती आणि प्रत्येक वेळी पडदा उजळला की पुढे वाकून बघत होती. अखेर शुक्रवार सापडला. छोटे छोटे तेरा चौकोन.

पहिल्यात ती स्वतःच होती, झाकण उघडताना, नाक एवढं मोठं. दुसऱ्यात रिकामी खोली. तिसऱ्यात पडदा आणि त्याच्या खालून दोन पावलं. तिला वाटलं, सुटले. चौथ्यात पडदा सरकवलेला होता.

सगळं दिसत होतं. कॅशियरबाई हात वर करून उभी, डोळे मिटलेले, चेहरा थेट समोर. कच्चे टाके घातलेला ब्लाउज एका बाजूने उघडा, आणि व्रण. मागे आरशात तिची पाठ. बाजूला वाकलेली टाचणीबाई, ओठांत टाचण्या.

मोठ्या बाईंनी ओळखलं. शाळेचं खातं त्याच बँकेत होतं, दर आठवड्याला त्या तिच्यासमोर उभ्या राहत.  त्यांनी आपल्या जाड बोटाने चौथा फोटो पुसला, मग पाचवा न उघडताच पुसला, मग तेराच्या तेरा. पुसलेले जिथे साठतात तिथून कसं काढायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते दोघींनी मिळून शोधून काढलं. नंतर मोठ्या बाई उठल्या, दार उघडलं आणि सरांना बोलावून दारातच विचारलं, उद्यासाठी निवडलेले फोटो कुठल्या दिवशीचे. सोमवारचे, सर म्हणाले, सोमवारी सगळी हजर होती म्हणून. बाकीचे दिवस उघडले का? नाही, वेळच कुठे झाला.

खरं असेल. खोटं असायचं काही कारण नव्हतं. पण टाचणीबाईला तेव्हाच कळून चुकलं की ही भीती आता पुरती जायची नाही. रस्त्यात हे सर दिसले की दरवेळी ती त्यांच्या तोंडाकडे बघणार, आणि तिला दरवेळी काहीच कळणार नाही.

मोठ्या बाई परत खुर्चीवर येऊन बसल्या. उद्याचे फोटो रद्द, आणि ते फोटो काढणं सोमवारपासून बंद, असं त्या म्हणाल्या. हे आपणही आधी नीट समजून घेतलं नव्हतं, असंही म्हणाल्या, आणि हे कबूल करताना त्यांचा चेहरा पडला होता. मात्र खोट्या हजेरीबद्दल बबडीचा लॅपटॉप पंधरा दिवस जमा राहील, नियम सगळ्यांना सारखा. टाचणीबाईने पिशवीतून तो काढून टेबलावर ठेवला. बबडी रडेल, दोन दिवस बोलणार नाही, हे तिला दिसत होतं. पण हात हलके झाल्यासारखे वाटले.

घरी येऊन तिने नवा ब्लाउज शेवटची इस्त्री करून टांगून ठेवला. आज सव्वाचारला कॅशियरबाई तो न्यायला येणार होती.

सांगायचं की नाही? फोटो पुसला होता. मोठ्या बाई ब्र काढणाऱ्या नव्हत्या. गप्प राहणं हाच तर तिचा धंदा, त्यात ती पक्की होती. सांगितलं तर ही बाई त्या दारातून निघून जाईल, पुन्हा यायची नाही, आणि का येत नाही असं इतर बायका विचारतील. ही धास्ती साधी नव्हती. त्या एका खोलीवर घर चालत होतं. दुपारभर तिने काही शिवलं नाही. बॉबिनमध्ये दोरा भरायला घेतला तोही गुंतला. पण मनात सारखं एकच येत होतं. ती डोळे मिटून उभी राहते ती आपल्या भरवशावर. डोळे मिटलेल्या माणसाला आपण सांगितलं नाही, तर आणखी कोण सांगणार?

कॅशियरबाई वेळेवर आली. छत्री कोपऱ्यात ठेवली, कडी घातलीस का विचारलं. टाचणीबाईने कडी घातली आणि तिथेच, दाराला पाठ लावून, सगळं सांगितलं. झाकण, पडदा, ठिपका, मोठ्या बाई. आपली चूक कुठे कुठे झाली तेही सांगितलं, काही राखलं नाही. 

कॅशियरबाई स्टुलावर बसली होती. काचेमागे बसते तशीच ताठ. पण हातातली पर्स तिने डाव्या बाजूला छातीशी ओढून धरली होती. 

"किती जणांनी बघितला?"

"मोठ्या बाईंनी. आणि मी. सर नाही म्हणाले. मला ते छातीठोक सांगता यायचं नाही, ताई."

 आता उठेल, टाचणीबाईला वाटलं. आता छत्री उचलेल. तिने कडी काढायला हातही मागे नेला.

"तू नीट बघितलास?" कॅशियरबाईने विचारलं. "फोटो."

"हो."

"कशी दिसते मी?"

टाचणीबाईला आधी प्रश्नच कळला नाही. मग ते मिटलेले डोळे आठवले, आरशाकडे फिरवलेली पाठ आठवली. दोन वर्षं. या बाईने स्वतःला एकदाही पाहिलं नव्हतं. सगळ्या वस्तीत ती ज्या एका माणसापासून सर्वांत जास्त लपत होती, ते माणूस म्हणजे ती स्वतःच होती.

काहीतरी गोड बोलावं, असं टाचणीबाईच्या मनात आलं. पण गोड बोलायची तिला सवय नव्हती, आणि त्या क्षणी खोटं बोलायची हिंमतही नव्हती. तिला जे येत होतं तेच ती बोलली.

"डावा खांदा खाली पडतो तुमचा. जवळून माप घेताना मला हे कधी दिसलं नव्हतं, फोटोत दिसलं. तुम्ही ती बाजू लपवायला वाकता, म्हणून पडतो. गादी बोटभर वर घ्यायला हवी." मग म्हणाली, "व्रण आहे. आडवा, वीतभर. आता लाल नाही, पांढरा झालाय. बाकी बँकेत दिसता तशाच दिसता."

कॅशियरबाईने मान खाली घातली. तिचे खांदे हलले, पण आवाज आला नाही. टाचणीबाई दारापासून हलली नाही, जवळ जायचा तिला धीर झाला नाही. थोड्या वेळाने कॅशियरबाई उठली. तिने टेबलाकडे पाहिलं, जिथे लॅपटॉप असायचा तिथे मापांची वही होती आणि बोर्डातून काढलेली वायर लोंबत होती. मग टांगलेला ब्लाउज उतरवून ती कोपऱ्यात गेली.

"ये," ती म्हणाली. "बोटभर म्हणजे कुठपर्यंत ते दाखव."

टाचणीबाईने आत जाऊन पडदा ओढला, दोन्ही टोकं भिंतीला टेकली आहेत ना ते हात लावून बघितलं, आणि नेहमीसारख्या टाचण्या ओठांत धरल्या.  कॅशियरबाईने बटणं काढली आणि ती आरशाकडे वळली. डोळे अजून मिटलेले होते. टाचणीबाईने गादी बोटभर वर सरकवली, टाचणी लावली, आणि कॅशियरबाई डोळे उघडेपर्यंत थांबून राहिली.